उलटी वायर

या, असे पुढे सरकून बसा. फक्त भिंतीला टेकू नका. टेकलं की डोळा लागतो, आणि मग सांगणाऱ्याचा उगाच अपमान होतो. आज एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन भाऊ आहेत, एक वायर आहे आणि एक टॉवेल आहे. देवही आहे, पण तो कुठे बसलाय ते ज्याचं त्यानं ओळखावं.

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. व्यसन एकच, कीर्तनाचं. कीर्तन चांगलं असेल तर मी वाढलेलं ताट सोडून जातो, आणि बेताचं असेल तर जेवून जातो, पण जातो. आमच्या समोरच्या दारात माझे थोरले बंधू राहतात. त्यांना सगळे दादाच म्हणतात, आमची हीसुद्धा. आमच्या दोन दारांच्या मधे जिन्याचा पॅसेज, रुंदीला जेमतेम एक पलंग मावेल एवढा. पण त्या पॅसेजमधून आम्ही दोघे भाऊ आयुष्यात कधी थेट बोललो नाही.

गैरसमज नको, भांडण नव्हतं. सवय होती. मी दादाच्या घरी जाऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसायचो. दादा पेपरातून डोकं न काढता स्वयंपाकघराकडे बघून म्हणायचा, "अगं, त्याला विचार, चहा घेणार का?" मग वहिनी दारात येऊन विचारायच्या, "भावजी, चहा घेणार?" आणि मी म्हणायचो, "वहिनी, दादाला सांगा, घेतो. साखर कमी." मग वहिनी दादाला सांगायच्या. दादानं सगळं ऐकलेलं असायचं, तरी वहिनींनी सांगितल्यावरच तो मान हलवायचा. पाणी कसं, थेट टाकीतून येत नाही, व्हॉल्व्हवाटे येतं. तसंच ते.

वहिनी गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. दोन्ही दारं पूर्वीसारखीच उघडी असतात, पण विचारणार कोण? दादा तिकडे चहा करून एकटा पितो, मी इकडे.

तर एक दिवस आमची ही दादाकडे काहीतरी द्यायला गेली आणि परत आली ती गप्पच. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणाली, "दादा कॉम्प्युटरसमोर बसलेत. आवाज काही नाही. नुसती एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकतीये, तिच्याकडे बघतायत. मी विचारलं, दादा, काय बघताय? तर म्हणाले, कीर्तन."

आता हे कीर्तन कुठलं ते सांगायला हवं. आमचे बुवा. त्यांच्या कीर्तनाला दादा, वहिनी आणि मी, आम्ही तिघं नेमानं जायचो. वहिनी पहिल्या रांगेत बसून मांडीवर एक छोटं यंत्र ठेवायच्या आणि अख्खं कीर्तन रेकॉर्ड करायच्या. घरी येऊन ते सगळं दादाच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं, हे त्यांचं व्रतच म्हणा. बुवांचा आवाज आता गेला, ते गात नाहीत. म्हणजे ती अमृतवाणी जगात फक्त त्या एका खोक्यात होती, आणि त्या खोक्याचा आवाज बसला होता.

मी तडक समोर गेलो. खुर्चीत बसलो, आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे बघून म्हणालो, "कॉम्प्युटरला काय झालंय?"

स्वयंपाकघर काही बोललं नाही. थोड्या वेळानं दादा पडद्याकडे बघून म्हणाला, "बोलत नाही." मग आणखी थोड्या वेळानं, "एका कीर्तनात ती बोललीये. मधेच. जरासं."

एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे बुवांचं निरूपण होतं, आणि दादाला त्यातलं जरासं हवं होतं. म्हटलं, हे झालंच पाहिजे.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला घरी आणलं. त्यानं खोक्याला कान लावला. आतून दळण दळल्यासारखा आवाज येत होता. "काका, याला आता बंद करू नका," तो म्हणाला. "बंद केलात तर परत उठेलच असं नाही. आणि हलवू तर अजिबात नका."

"आतलं सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये घेता येईल?"

"पेनड्राइव्हची भोकं सगळी मेलीत. इंटरनेट आहे?"

"आम्ही दोघेही फोनवरच काय ते बघतो."

"आणि असतं तरी नको," दादा मधेच म्हणाला. "ती बाहेर जाणार नाही."

दुकानदारानं मागे वाकून बघितलं. "वायरची जागा जिवंत दिसतीये. मग थेट जोडा. यातून निघालेली वायर तुमच्यात खुपसा. मधे काही नको."

इथे मला फार नवल वाटलं. माझी समजूत अशी की दोन कॉम्प्युटर बोलायचे तर मधे तो दिवे मिचकावणारा राउटर नावाचा डबा पाहिजेच. मधे कोणी नसताना बोलणार कसे? एकाला कसं कळणार की समोरचा आपल्याशीच बोलतोय? रात्रभर हाच विचार. निवृत्तीनंतर माणसाला असा एखादा प्रश्न मिळाला की भूक चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. गर्दी होती. दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून ओरडून विचारलं, "काका, वायर सरळ देऊ का उलटी?"

आता तुम्हीच सांगा. जन्मभर देवाधर्मात गेलेला माणूस, चारचौघांत त्याला विचारतायत सरळ का उलटी. मी छाती काढून म्हणालो, "आमचं सगळं सरळ असतं. सरळच द्या."

त्यानं दिली. इथे पूर्वरंग संपला असं समजा; यापुढे माझ्या अब्रूचं काय झालं ते ऐका.

वायर या घरातून त्या घरात न्यायची म्हणजे पॅसेज ओलांडून. जमिनीवरून टाकली तर कोणीतरी पडणार, म्हणून मी स्टुलावर चढून तिची माझ्या दारावरच्या खिळ्यापासून दादाच्या दारावरच्या खिळ्यापर्यंत अशी सुरेख कमान केली. खाली उतरून कौतुकानं बघतोय तोच सेक्रेटरी जिना चढून आले. आमचे सेक्रेटरी म्हणजे नियमांचा चालताबोलता डबा. झाकण उघडायचा अवकाश.

"हे काय आहे?"

"वायर. दादाचा आणि माझा कॉम्प्युटर जोडतोय."

"सामाईक जागेतून खासगी वायर? नियमात बसत नाही."

"दोनच दिवस हो."

"नियमात वायर हा शब्दच नाही. म्हणजे परवानगी द्यायला जागाच नाही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ते विचार करताना असं करतात, आणि मग त्यांना काहीच दिसत नाही. "दोरी मात्र आहे. कपडे वाळत घालण्यासाठी पॅसेजमध्ये तात्पुरती दोरी बांधता येते."

"मग ही दोरीच समजा."

"समजून कसं चालेल? कपडा कुठाय?"

मी आत जाऊन टॉवेल आणला आणि त्या वायरवर घातला. सेक्रेटरींनी चष्मा खाली घेऊन टॉवेलाकडे बघितलं, समाधानानं मान डोलावली आणि जाता जाता बजावलं, "टॉवेल काढलात की ती लगेच वायर होईल. ध्यानात ठेवा."

वायरचं एक टोक दादाच्या खोक्यात खुपसलं, दुसरं माझ्या. माझा कॉम्प्युटरही काही आजचा नाही, आमच्या खात्यानं काढून टाकलेला तो मी आणला होता. दुकानदार म्हणाला होता, वायर लागली की भोकापाशी हिरवा दिवा लागेल. मी इकडे वाकलो, दादा तिकडे वाकला. दिवा नाही. टोकं काढून परत घातली. दिवा नाही. टोकांची अदलाबदल केली, इकडचं तिकडे. आता वायर तीच, टोकं सारखीच, त्यानं काय होणार, पण तुम्हीही केलं असतंत.

तोवर वरच्या मजल्यावरच्या नर्सकाकू येऊन उभ्या राहिल्या. काकू हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यात, पण इमारतीतून झालेल्या नाहीत. सगळ्यांच्या नाडीवर त्यांचा हात असतो. "टॉवेल ओला आहे का?" त्यांनी विचारलं. "ओल आत गेली असेल." टॉवेल कोरडा होता, तरी बदलून दुसरा घातला. आमची ही म्हणाली, "हा पाहुण्यांचा टॉवेल आहे, हा का घातलात?" दिवा नाहीच.

मी वायर गुंडाळली आणि दुकान गाठलं. दुकानदारानं मला आत बोलावून स्टुलावर बसवलं, आणि वायरचं टोक कापून आतल्या रंगीत तारा उलगडल्या. जीव लावून सांगितलं हो त्यानं.

"काका, या वायरीत बोलायची एक जोडी असते आणि ऐकायची एक. ही केशरी, ही हिरवी. सरळ वायरीत याचं तोंड त्याच्या तोंडाला लागतं, आणि याचा कान त्याच्या कानाला. दोघंही बोलतायत. मग ऐकतंय कोण?"

"मग राउटर असला की कसं चालतं?"

"तो मधे असतो ना. याच्या तोंडातलं घेतो आणि त्याच्या कानात घालतो. त्याचं सगळं आयुष्य त्यातच जातं. म्हणून तिथे सरळ वायर चालते. मधलं कोणी नसलं की वायरीनंच उलटं व्हायला हवं. याचं तोंड त्याच्या कानाला. हिला म्हणतात उलटी वायर. नवे कॉम्प्युटर आपलं आपण समजून घेतात, आता बोलायचं का ऐकायचं. तुमचे दोघेही जुने पडले."

"आम्हीही," मी म्हणालो. बुवांचं एखादं वाक्य असंच कुठेतरी आत जाऊन बसायचं. मी नुसता त्या केशरी तारांकडे बघत राहिलो.

दुकानदार म्हणाला, "संध्याकाळपर्यंत करून ठेवतो. लांबी सांगा." मी सांगितली: या दारापासून त्या दारापर्यंत.

दुपारी घरी आमची ही दारात उभी राहून दादाला बातमी देत होती. दादा आतल्या खोलीत, म्हणून ही जरा मोठ्यानं बोलत होती. त्याच वेळी नर्सकाकू जिना चढत होत्या. नंतर त्यांनीच सांगितलं, त्यांना काय ऐकू आलं ते.

"दादा, ह्यांची उलटी अजून झाली नाही!"

"का? सकाळी गेला होता ना?"

"गेले होते. आधी सरळ झाली होती, ती चालली नाही. आता संध्याकाळपर्यंत होईल म्हणाला."

"कोण म्हणाला?"

"दुकानदार. तोच करून देणार आहे."

"भरपूर लांब हवी म्हणावं. पॅसेज ओलांडून इथपर्यंत यायला पाहिजे!"

काकूंच्या हातातली पिशवी पायरीवरच राहिली म्हणतात.

संध्याकाळी मी नव्या वायरीचं भेंडोळं खांद्याला अडकवून घरात पाऊल टाकतो, तर काकू थर्मामीटर घेऊन तयार. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, थर्मामीटर तोंडात खुपसला आणि मनगट धरलं. उशाशी बादली ठेवलेली. आमची ही देवघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. मला वाटलं रडतीये. नंतर कळलं, हसत होती.

"किती वेळा झाली?" काकू.

मी बोट वर केलं. एकच वायर केली होती त्यानं.

"रंग कसा होता?"

आता वायरचा रंग त्यांना कशाला हवा ते मला कळेना, पण विचारलेल्याचं उत्तर द्यावं म्हणून मी थर्मामीटर काढला आणि म्हणालो, "निळा."

काकूंच्या हातून मनगट सुटलं. "निळी?"

"बाहेरून. आत केशरी आणि हिरवी."

"बाई गं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी ॲम्ब्युलन्सला लावायला फोन काढला. त्या क्षणी हिनं माझ्या खांद्यावरून भेंडोळं ओढून त्यांच्यापुढे धरलं. "काकू, हीच ती. ह्यांची उलटी."

यानंतर माझ्या अब्रूबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच सांगतो की जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस पुढचे कित्येक दिवस मला "आता कसं वाटतंय?" असं विचारून तोंड फिरवत होता.

असो. वायर लावायला घेतली. कमान केली, टॉवेल घातला, माझ्या बाजूचं टोक खुपसलं. दादाच्या बाजूला गेलो. वायर त्याच्या दारापर्यंत पोचली. अगदी उंबऱ्यापर्यंत. आणि तिथे संपली. दादाचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत खिडकीपाशी.

"दारापासून दारापर्यंत सांगितलीस?" दादानं उंबऱ्याला विचारलं.

"लांब हवी असं तूही म्हणालास, आत किती ते कोणी सांगितलं?" मी टॉवेलाला म्हणालो.

दोघंही बोलत होतो. ऐकत कोणीच नव्हतं. तिकडे खिडकीपाशी तो खोका दळत होता, आणि आता मधेच अडखळत होता. थांबायचा, मग परत सुरू व्हायचा. दर वेळी तो थांबला की दादा बोलता बोलता थांबायचा.

तेव्हा आमची ही पुढे झाली. तिच्या हातात त्या पाहुण्यांच्या टॉवेलाची घडी होती. ती म्हणाली, "तो हलवायचा नाही ना? मग आपला उचलून तिकडे नेला तर?"

पॅसेजमध्ये अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू आला. ठिबकत होता. खात्यातला माणूस असल्यानं मला ते लगेच कळतं.

सेक्रेटरींशी वाद, कमान, दोन टॉवेल, थर्मामीटर. आणि एवढ्या दिवसांत ही गोष्ट मला, दादाला, दुकानदाराला, कोणालाच सुचली नव्हती. "मी तेच म्हणणार होतो," मी म्हणालो. हिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका अशा ठिकाणी बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

मग वरात निघाली. मी खोकं घेतलं, हिनं पडदा, काकूंनी कीबोर्ड. "तुम्ही वजन उचलू नका अशा अवस्थेत," असं त्या अजूनही म्हणत होत्या. पॅसेजमध्ये सेक्रेटरी उभे.

"हे काय, घर बदलताय? सामान हलवायला वेगळी परवानगी लागते."

"समोर नेतोय हो."

"आणि दोरी?"

"काढली."

"काढलीत तर कळवायला नको?" त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पण बातमी सगळ्या इमारतीत पसरली होती, म्हणून तेही चष्मा सावरत आमच्या मागून दादाच्या घरात आले, निरीक्षणासाठी.

दोन कॉम्प्युटर एका टेबलावर शेजारी शेजारी बसले. वायर लावली. आणि काय सांगू, दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. एकदम. दादा म्हणाला, "लागला." कोणाला म्हणाला देव जाणे, पण म्हणाला.

आता पुढची पायरी. दुकानदारानं सांगितलं होतं, राउटर असला की तोच प्रत्येकाला पत्ता वाटतो. तो नसेल तर पत्ता आपण हातानं लिहायचा, आकड्यांचा. मी विचार केला, दोघं एका टेबलावर, एका घरात, एका कुटुंबातले. म्हणून मी दोघांनाही एकच पत्ता लिहिला. शेवटच्या आकड्यापर्यंत एक. मनात म्हटलं, भेदाभेद नको.

पडद्यावर लगेच निषेध झळकला: या पत्त्यावर आधीच कोणीतरी आहे.

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "मी आहे."

दुकानदाराला फोन लावला. तो हसला, मग म्हणाला, "काका, तुमच्या आणि दादांच्या घराचा पत्ता एकच आहे का?"

"एकच. रस्ता तोच, इमारत तीच, मजला तोच."

"आणि दाराचा नंबर?"

"तो वेगळा."

"तस्सं. बाकी सगळं एक, शेवटचा आकडा वेगळा. सगळंच एक केलंत तर कोणाचं कोणाला द्यायचं ते त्यांना कळणार कसं?"

आता एवढ्यावर बुवांनी तासभर निरूपण केलं असतं. मी आपला आकडा बदलला. एकाला एक, दुसऱ्याला दोन. थोरला म्हणून एक नंबर दादाला. आणि जरा वेळानं माझ्या पडद्यावर दादाच्या कॉम्प्युटरचं नाव उमटलं. मधे कोणी नाही, वर कोणी नाही, आणि हा त्याला ओळखतोय! मी हात जोडले. सेक्रेटरींनीही जोडले, मग नियमात बसतं का असा विचार करून सोडले.

वहिनींच्या फायली दुसऱ्याला दिसू द्यायच्या तर तशी मोकळीक द्यावी लागते. दादाच्या पडद्यानं विचारलं, दुसऱ्यांना नुसतं वाचू द्यायचं की बदलूही द्यायचं?

दादानं माझा हात माउसवरून बाजूला केला. "ऐकू दे," तो म्हणाला. "पुसू नाही देणार." आणि स्वतः टिचकी मारली.

फायली यायला लागल्या. हिरवी पट्टी भरत चालली. दादाचा खोका कण्हत होता. मधेच तो पुरता थांबला, पट्टीही थांबली, आणि दादानं त्याच्यावर तळहात ठेवला. हलका, ताप बघतात तसा. "थोडंच राहिलंय," तो त्याला म्हणाला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. खोका पुन्हा दळायला लागला. पट्टी काठोकाठ भरली.

"कुठलं लावू?" मी विचारलं. दादानं यादीत एकावर बोट ठेवलं. नुसती रेघ बघून बघून त्याला ते पाठ होतं.

मी सगळ्यांना म्हटलं, "आता शांत बसा. बुवांचा आवाज म्हणजे साक्षात अमृत." ताठ बसलो, डोळे मिटले, आणि आवाज वाढवला.

घर्रर्र. घर्रर्र.

"फाइल बिघडली!" मी ओरडलो. "त्या खोक्याचं दळण आत शिरलं!"

"श्श," दादा म्हणाला.

मग त्या घर्रर्रमधून, अगदी आपल्या खांद्याशी कोणी तोंड आणावं इतक्या जवळून, वहिनी कुजबुजल्या.

"अहो! घोरू नका. रेकॉर्ड होतंय."

घर्रर्र थांबलं. दादाचा झोपाळू आवाज आला: "जागाच आहे मी."

लांब, फार लांब, कुठेतरी बुवा गात होते. इतके लांब की शब्द कळत नव्हते. यंत्र वहिनींच्या मांडीवर होतं, आणि शेजारी दादा.

"जागे आहात तर सांगा, आत्ता बुवा काय म्हणाले?"

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग दादा: "बरोबर म्हणाले."

टेबलाभोवतीचे सगळे हसले, सेक्रेटरीही. मी मोठ्या मनानं हसलो. दादाची ही खोड मला ठाऊक होतीच, नाहीतर मी! तेवढ्यात वहिनी पुन्हा कुजबुजल्या, "भावजींकडे बघा जरा. कसे ताठ बसलेत." मी खुर्चीत आणखी ताठ झालो. आणि मग, हसू दाबत, "तेही झोपलेत. ताठच."

मी काय सांगू तुम्हाला! आमची ही पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. काकू तर डोळे पुसत होत्या. आणि दादा हसत होता. मान मागे टाकून, वर्षाचं सगळं मिळून हसत होता. त्या आवाजात कोणाच्या लक्षातही आलं नाही की दळण थांबलंय. काकूंनीच नंतर त्या जुन्या खोक्यावर हात ठेवला, जरा थांबल्या, आणि सवयीनं मान हलवली.

"परत लाव," दादा पडद्याकडे बघून म्हणाला.

परत लावलं. परत, परत. मंडळी एकेक करून गेली. आम्ही दोघेच उरलो, आणि वहिनी. केव्हातरी दादानं डोळे पुसले, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग मान वळवली. माझ्याकडे. सरळ माझ्याकडे.

"चहा घेणार का रे?"

मीही सवयीनं त्या दाराकडेच बघत होतो. नजर वळवायला मला जरा वेळ लागला.

"घेतो, दादा. साखर कमी."

"माहितीये," तो म्हणाला.

तर मंडळी, गोष्ट संपली. तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी कुठे कीर्तनाला गेलात, आणि पहिल्या रांगेत एखादी बाई मांडीवर यंत्र धरून नवऱ्याला कोपरानं ढोसताना दिसली, तर तिला गप्प करू नका हं. कुजबुजू दे तिला. बुवांच्या पायाला नंतर हात लावलात तरी चालेल. आधी आमच्या वहिनींची आठवण काढा.